एकही ओरखडा नसलेलं कुलूप

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धर्माने ख्रिस्ती, धंद्याने कुलूप-चावीचा कारागीर, विधुर, दोन मुलांचा बाप, लिहून ठेवतो की आज माझं डोकं ठिकाणावर आहे आणि हात कापत नाही. डावा पाय तेवढा कामातून गेला आहे, पण मृत्युपत्र कोणी पायाने लिहीत नाही. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. याआधी मी चार मृत्युपत्रं केली आणि चारही फाडली. एखादी प्रत कुठे उरली असेल तर ती रद्द समजावी. वकीलबाईंनी बजावलं आहे, काका, मुद्द्याचं तेवढंच लिहा. मुद्द्याचंच लिहायचं आहे, पण एका जागी बसवत नाही. एवढ्या चार ओळींत तीनदा उठलो, एकदा खिडकी लावायला आणि दोनदा उगाच.

कलम १. माझं शरीर साध्या लाकडी पेटीत पुरावं. पेटीला पितळी कड्या लावू नयेत. मेहुण्याने, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या भावाने, जो आमच्या चर्चच्या मंडळीच्या कमिटीचा कलम ४ मधल्या हकिकतीच्या वेळीही अध्यक्ष होता आणि अजूनही आहे, कबरीपाशी प्रार्थना करायला माझी हरकत नाही. मात्र ती आटोपशीर असावी. त्याची प्रार्थना एकदा सुरू झाली की देवसुद्धा बसायला खुर्ची शोधत असेल.

कलम २. माझी सगळी हत्यारं, म्हणजे कानशी, पकडी, कोऱ्या चाव्यांची पेटी आणि दुकानातला लोखंडी बाक, थोरल्या लेकीला. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, हे मी तिच्या तोंडावर कधी बोललो नाही, ते इथे बोलतो. धाकट्याने रुसू नये. त्याला स्वतःच्या घराची चावी पहिल्या फटक्यात लावता येत नाही. चावी हरवलेली कुलपं उघडायच्या तारा कातडी पिशवीत आहेत, त्याही लेकीलाच. तिने त्या वापराव्यात, पण कलम ४ दोनदा वाचल्यावर.

कलम ३. बँकेत जे काही निघेल ते दोघा मुलांत सारखं. शेजारच्या शिंप्याची शिडी माझ्याकडे आहे. त्याने माझी करवत परत केली तरच ती द्यावी. नको, जाऊ दे, देऊन टाकावी. करवतीचे दात त्याने एव्हाना बोथट केलेच असतील.

कलम ४. माझं राहतं घर, पुढच्या खोलीतल्या दुकानासह, मी चर्चच्या जुन्या रखवालदाराला देत आहे. मुलांनो, तुम्हाला धक्का बसेल. मामा तर कोर्टात जायची भाषा करेल. म्हणून कारण लिहितो, आणि ते लिहायलाच मी गेला महिनाभर टाळाटाळ करतो आहे.

एकोणीस वर्षांपूर्वी कारखाना बंद पडला, ते तुम्हाला आठवत असेल. दोनच महिन्यांत कारखान्यामागच्या गल्ल्यांत तापाची साथ आली. घरात पीठ नाही आणि माणूस अंथरुणाला खिळलेला, अशी एकाआड एक दारं. बाहेरच्या मंडळ्यांनी आपल्या चर्चकडे मदत पाठवली: पिठाची पोती, दुधाची भुकटी, ब्लँकेटं. तळघराची कोठी छतापर्यंत भरली. कमिटीने ठरवलं, आधी यादी करायची. मंडळीतले कोण, बाहेरचे कोण, खरे गरजू कोण, सोंगाडे कोण. यादी तपासायला पोटकमिटी, आणि पोटकमिटीच्या दोघांना ताप. तोवर कोठीला कुलूप. ते कुलूप मी बनवलं, मीच बसवलं. दोनच चाव्या करीन, तिसरी करणार नाही, अशी पवित्र शास्त्रावर हात ठेवून शपथ घेतली. एक चावी मेहुण्याकडे, दुसरी रखवालदाराकडे.

रोज बारा ते दोन चर्चच्या माडीवर उपास आणि प्रार्थना ठेवली होती, भुकेल्यांसाठी. पहिल्या दिवशी मीही गेलो. मेहुणा डोळे मिटून म्हणत होता की हे प्रभो, या लोकांना अन्न दे. खाली, अगदी आमच्या पायांखाली, पोती रचलेली. मला असं काही झालं की मी मधेच उठलो. खोकला आला असं दाखवलं, जिना उतरलो, खिशातून तार काढली आणि कुलूप उघडलं. भर दुपारी, वर भजन चालू असताना.

तुमची आई चर्चचे पडदे आणि वेदीवरची वस्त्रं धुवायला घरी आणायची. धुण्याच्या टोपलीत खाली पीठ, वर पांढरी वस्त्रं, असं आम्ही अकरा दिवस केलं. ती दारोदार गेली. आजाऱ्यांची डोकी पुसली, भुकटीचं दूध करून चमच्याने पाजलं. सोंगाडा कोण हे तिने एकालाही विचारलं नाही. चार घरं तर आपल्या मंडळीला नावं ठेवणाऱ्यांची होती. तिथे ती आधी गेली. मी तिला म्हणालो, तुला ताप आला म्हणजे? तर म्हणाली, "अहो, मग तुम्ही चमचा धरा."

तिसरी चावी मी केली नाही. तारेला चावी म्हणत नाहीत, म्हणजे शपथ मोडली नाही, असं मी स्वतःला समजावलं. मन मोठं वकील असतं, फीसुद्धा घेत नाही.

आता माझ्या कलाकुसरीचं सांगतो. कुलूप मी फोडलं नाही. चाळीस वर्षं हात धंद्यात मुरलेला, आपण बनवलेली वस्तू फोडवत नाही. दर वेळी अलगद उघडलं, अलगद लावलं. बाराव्या दिवशी यादी तयार झाली, कोठी उघडली, तर एक बाजू रिकामी. कमिटीने कुलूप काढून माझ्याच पुढ्यात टेबलावर ठेवलं. मेहुण्याने विचारलं, जबरदस्तीने उघडलंय का? रखवालदार दारापाशी उभा होता. मी भिंग लावून पाहिलं. जणू मला माहीतच नव्हतं. आणि म्हणालो, "नाही. एकही ओरखडा नाही."

शब्द न् शब्द खरा. त्या खऱ्या वाक्याने एक माणूस चोर ठरला. कुलूप फोडलं असतं तर चोर बाहेरचा ठरला असता. माझं काम इतकं सुबक होतं की चावीवाल्याशिवाय कोणावर संशय जाऊच शकत नव्हता. आणि दोन चावीवाल्यांपैकी एक अध्यक्ष.

रखवालदाराची नोकरी गेली. नोकरीबरोबर चर्चमागच्या दोन खोल्या गेल्या. त्याने बाजारात वजनकाट्यावर ओझी उचलली, वयाच्या पन्नाशीत. त्याच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. मुलाकडच्यांनी निरोप धाडला की चोराच्या घरची मुलगी नको. ती आज शाळेत मुलांना शिकवते, एकटी आहे. तो दर रविवारी चर्चला येतो, शेवटच्या बाकावर बसतो, आणि प्रभुभोजनाच्या वेळी त्याच्या शेजारची जागा रिकामी असते.

मी का बोललो नाही? आधी वाटलं, घरी आणून ठेवलेलं पीठ यादीवर नाव नसलेल्यांना अजून पोचवायचं आहे, आत्ता बोललो तर सगळं बंद पडेल. ते खरं होतं, पंधरा दिवसांपुरतं. मग तुमच्या आईला ताप आला. मग ती बरी झाली. मग धाकट्याचं लग्न. कारणांना काय तोटा? तुमची आई जाईपर्यंत एकच म्हणत होती, अहो, जाऊन सांगा. मी हो म्हणायचो आणि दुकान उघडायचो. माझी झोप उडाली, जेवताना मी उठून फेऱ्या मारायला लागलो. तुम्ही म्हणायचात, बाबांचा स्वभावच तसा. स्वभाव नव्हता तो, पोरांनो.

म्हणून घर त्याला. लोक म्हणतील म्हाताऱ्याला चळ लागला, म्हणोत.

कलम ५. मला पुरल्यानंतरच्या रविवारी, उपासनेच्या वेळी, कलम ४ पाळकसाहेबांनी सगळ्या मंडळीपुढे मोठ्याने वाचावं. मेहुण्याला पहिल्या बाकावर बसवावं. मी तेव्हा नसेन, त्यामुळे मला काही विचारायचं असेल तर

इथवर लिहून थांबलो होतो. आता पुढचं लिहितो. आज शनिवार.

दोन साक्षीदार लागतात. एक म्हणजे दवाखान्यातली परिचारिका, जी दिवसाआड माझ्या पायाची पट्टी बदलायला येते. ती तयार झाली. रखवालदाराला मी वेगळ्याच कामासाठी निरोप धाडला होता. घर मिळणार हे मरायच्या आधी त्याच्या कानावर घालावं, त्याचा चेहरा पाहावा, असं वाटलं. खरं सांगायचं तर त्याने मला बरं म्हणावं असं वाटलं.

तो आला. मी कागद पुढे केले. त्याने चष्मा पुसून, ओळीखाली बोट धरून, सगळं वाचलं. मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत काठी टेकत फिरत होतो. परिचारिका पट्टी हातात घेऊन मला बसा, बसा म्हणत होती. वाचून झाल्यावर त्याने कागद नीट जुळवले आणि म्हणाला की मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. इतकं साफ काम गावात दुसऱ्या कोणाचं असणार? तुझी बायको टोपली घेऊन जाताना मीच तर फाटक उघडायचो.

मी खाली बसलो. विचारलं, मग तू बोलला का नाहीस?

तो म्हणाला, "बोललो असतो तर पीठ थांबलं असतं. पीठ संपल्यावर तू बोलशील, म्हणून थांबलो."

एकोणीस वर्षं मला वाटत होतं की त्या साथीत हिंमत मी केली. अकरा दिवस केली होती मी. उरलेली सगळी त्याने केली, ओझी उचलत आणि शेवटच्या बाकावर बसत. मी रडलो. ते लिहायला मला लाज वाटत नाही.

मग त्याने पेन मागितलं. परिचारिकेच्या लक्षात आलं. तिच्या वडिलांच्या मृत्युपत्रात असाच घोळ झाला होता. ती त्याला म्हणाली, काका, साक्षीदार म्हणून सही केलीत तर त्या कागदाने तुम्हाला काही मिळत नाही, घर हातचं जाईल. तो म्हणाला, ठाऊक आहे, वजनकाट्यावर बसून लोकांचे पुष्कळ कागद वाचलेत. मी गयावया केली. म्हटलं, बाबा रे, दुसऱ्या कोणाची सही घेतो, तू घर घे, माझा जीव सुटू दे.

"घर देऊन सुटू नकोस," तो म्हणाला. "आणि मेल्यावर पाळकाच्या तोंडून तर मुळीच नाही."

म्हटलं, मग मुलीच्या नावे करतो. तर म्हणाला, ते तिला विचार, तिच्या तोंडावर विचार. पण उद्याच्या उपासनेनंतर.

म्हणून शेवटचे बदल असे. कलम ५ रद्द. कलम ४ मधलं घर रखवालदाराच्या मुलीला, जर ती घेईन म्हणाली तर. विचारायला मी स्वतः जाईन, आणि तिने दार लावून घेतलं तर तो तिचा हक्क आहे. तसं झालं तर घर दोघा मुलांचं. कलम ४ मधली हकिकत तशीच राहू द्यावी. ती मी उद्या उपासनेत उभा राहून तोंडाने सांगणार आहे, मेहुण्यासमोर, कागद न पाहता. मला भीती वाटते आहे. हातही आता कापायला लागला आहे, तेव्हा सुरुवातीचं ते वाक्य दुरुस्त समजावं. डोकं मात्र ठिकाणावर आहे.

हे सगळं मी स्वतःच्या हाताने लिहिलं, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली, आणि त्यांनी माझ्या देखत.

ठिकाण: माझ्या घराची पुढची खोली, म्हणजे दुकान.
वार: शनिवार, दुपारचे चार.

सही: कुलूप-चावीचा कारागीर

साक्षीदार पहिली: दवाखान्यातली परिचारिका. यांची बुद्धी शाबूत आहे. पाय वर ठेवून बसायला सांगितलं आहे, ऐकत नाहीत.

साक्षीदार दुसरा: चर्चचा माजी रखवालदार. सगळं वाचलं, खरं आहे. उद्या नऊला तुला न्यायला येतो, तयार राहा. माझ्या बाकावर जागा आहे.