पंचमीची भरती

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज दवाखान्यातून सुटले आणि थेट मुलाकडे आले. निमेशचं घर चारकोपला, चौथ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, खिडकीत वारा आहे, आणि मला वेगळी खोली आहे. वेगळी म्हणजे तिच्यात नातीचा, चिमीचा पलंग आणि टबभर खेळणी आधीपासून राहतात. मढच्या कोळीवाड्यातलं माझं घर आता पंधरा दिवस बंद. किल्ली धाकट्या जावेकडे, मंजुळाकडे. झाडूनही काढील आणि कपाटही उघडून बघील. बघू दे, फाटक्या साड्यांशिवाय काय मिळणार आहे तिला.

ही वही सुनेने दिली, कल्पिताने. वर हरणाचं चित्र आहे. दोन आठवडे तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, हवं ते लिहून मागायचं, असं डॉक्टरने सांगितलं तेव्हा निमेश गालात हसला. मी पाहिलंय. बोलायला लागले की बघते त्याला.

मी तिसरी शिकले. पाटीवर मासळीचा भाव लिहिण्यापुरतं अक्षर उरलंय. चालेल. दिवस तर जायला हवा.

झालं असं की वीस वर्षं मी घोरते. माझं घोरणं ऐकून बाजूवाले म्हणायचे, होडी सुटली वाटतं. त्याचं काही नव्हतं, पण झोपेत श्वास थांबायचा. आठ तास झोपूनही दिवसा डोळे मिटायचे. बाजारात सुरमई कापता कापता डुलकी लागली आणि अंगठ्याचं टोक गिऱ्हाइकाच्या पिशवीत जाता जाता राहिलं. मग निमेशने तपासणी करवली. अंगभर वायरी लावून झोपवलं. तासाला बेचाळीस वेळा श्वास बंद. सगळ्यात लांब थांबा एक मिनिट दहा सेकंद. आधी नाकाला सोंड लावायचं मशीन दिलं, ते दोन रात्रींत मी उपटून टाकलं. म्हणून ऑपरेशन. पडजीभ, टॉन्सिल आणि टाळूचा मागचा तुकडा काढला. नाही काढलं तर एखाद्या दिवशी थांबेल तो सुरू होणार नाही, असं डॉक्टर म्हणाला. बरा माणूस. गोल गोल बोलत नाही.

गिळताना कळ कानापर्यंत जाते. पण आइस्क्रीम खा म्हणालेत. अडुसष्टाव्या वर्षी! झकास चाललंय.

८ नोव्हेंबर, शनिवार

नऊ तास झोपले. सकाळी निमेश म्हणाला, आई, आवाजच नाही, मी दोनदा उठून तू जिवंत आहेस का बघून गेलो. उठले तर डोकं हलकं. वीस वर्षांत पहिल्यांदा डोळे पूर्ण उघडले असं वाटलं. खिडकीतून रस्त्यावरच्या रिक्षाचा नंबरसुद्धा वाचला.

दूध प्यायला गेले तर नाकातून आलं. चिमी हसून हसून लोळली. चार वर्षांची आहे. अक्षरं अजून येत नाहीत, पण तोंड माझ्यावर गेलंय. साडेबाराला शाळेतून येते, जेवते आणि माझ्या खोलीत झोपते. मलाही दुपारच्याच झोपेची सवय. पहाटे तीनला मासळी उचलायला जाणारीची खरी झोप दुपारीच.

पंधरा दिवस मासळी बंद, नुसती गार पेज. कोळणीला ही शिक्षा. कल्पिता घरूनच काम करते, कानात ती बोंडं घालून. हाक मारता येत नाही म्हणून तिने मला थाळी आणि चमचा दिलाय. वाजवला की येते. देवळात बसल्यासारखं वाटतं.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी मंजुळा उगवली. माझी मढची जुनी उशी, नारळ, अंडं, हळदीचे तांदूळ, सगळं घेऊन. म्हणे डॉक्टरने मांस कापलं, घोरणं कुठे कापलं? ते वीस वर्षं अंगात राहिलेलं, असं बाहेर काढून वाऱ्यावर सोडायचं नसतं, त्याला वाट लावून द्यायला लागते. आमच्या सासूनेही सासऱ्याच्या दम्याला असाच उतारा काढलेला. सासरा तरी मेलाच, हे मी लिहून दाखवलं. मंजुळा म्हणाली, मेला पण दम्याने नाही मेला.

शेवटी तिची कटकट नको म्हणून बसले. तिने माझ्यावरून सात वेळा सगळं ओवाळलं, उशीच्या अभ्र्यात बांधलं आणि निमेशच्या हातात दिलं. खाडीवर जायचं, ओहोटीला सोडायचं, मागे वळून बघायचं नाही. निमेशला लाज वाटत होती. पण काकीला नाही म्हणायची हिंमत त्याच्या बापातही नव्हती. स्कूटर काढून गेला.

मी गोळी घेऊन झोपले. छान झोप लागली.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज सहज लिहून विचारलं, उतारा किती वाजता सोडलास. निमेश म्हणाला, अकरा वाजले असतील, जेट्टीवर गर्दी होती, लाटा मस्त येत होत्या.

काल पंचमी. पंचमीला ओहोटी पावणेदहाला संपते. तिथीवरून पाणी सांगायला आमच्यात पंचांग लागत नाही, पोरं बोटांवर सांगतात. आणि हा माझा पोर, ऑफिसात बसून बसून पाणी येतंय की जातंय तेही बघत नाही. ओहोटीला दिलेलं जातं. भरतीला दिलेलं पाणी परत आणून देतं.

त्याला मूर्ख म्हणायला वहीचं अर्धं पान घालवणार होते. मग वाटलं, वेळ मी तरी कुठे सांगितली? मला माहीत होतं की. थोतांड म्हणून लक्षच दिलं नाही.

जाऊ दे. थोतांडच आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

घसा काल परवापेक्षा जास्त दुखतोय. खपल्या सुटायला लागल्या की असंच होतं म्हणे. तोंडाला घाण वास. बाजार उठल्यावर ओट्याला येतो तसा.

दुपारी झोप मोडली. बाथरूममधून घरघर येत होती. वरच्या मजल्यावर ड्रिल चाललं असेल म्हणून पडून राहिले. पण ड्रिल मध्ये थांबून श्वास घेत नाही. उठून गेले तर मोरीच्या जाळीतून पाण्याचा आवाज. नळ बंद होता. मी आत पाय टाकला तशी घरघर थांबली.

कल्पिताला लिहून दाखवलं. ती म्हणाली, आई, पाइप चोकप झालाय, सोसायटीला सांगते.

१२ नोव्हेंबर, बुधवार

पाइप नाही.

डॉक्टरला ऐकवायला निमेशने माझं घोरणं मोबाइलवर घेतलं होतं. मला ऐकवलं तेव्हा मी शरमेने मेले होते, म्हणून पक्कं लक्षात आहे. दोन लांब, एक आखूड, मग थांबा. थांबा संपला की जाळ्यातून उपसलेल्या माशासारखी उसळी. आज दुपारी बाथरूमच्या जाळीतून तेच. दोन लांब. एक आखूड. थांबा. मी जागी, तोंड मिटून उभी, आणि माझंच घोरणं समोरून.

जाळीवर तीन तांदूळ होते. पिवळे. भिजलेले. एक जिभेला लावून पाहिला. खारट.

कल्पिताने कागदाने पुसून टाकले. म्हणाली, चिमीच्या डब्यातला भात असेल. चिमीच्या डब्यात आज पोळीचा रोल होता.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज पॅसेजमध्ये. चपलांच्या कपाटापाशी. लादी ओली होती, बाथरूमच्या दारापासून माझ्या खोलीपर्यंत. हाताएवढा पट्टा.

मी दार लावलं आणि खालच्या फटीत टॉवेल कोंबला. मला घाबरायला वेळ नव्हता कधी. नवरा वादळात अडकला होता तेव्हाही मी बाजारात बसून बोंबील विकले. आज दाराला पाठ लावून लिहितेय.

एवढं कळतं, ते माझ्याकडे येतंय. पण माझ्या घशाचं दार डॉक्टरने तोडून नव्यानं बांधलंय. त्याला जुनी जागा सापडत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बालदिन म्हणून चिमी परकर-पोलकं घालून शाळेत गेली. दमून आली आणि न जेवता झोपली. सर्दीने नाक बंद. तोंड उघडं.

मला पेंग आली. अर्धा तास असेल.

जाग आली ती घोरण्याने. बाथरूममधून नाही. पॅसेजमधून नाही.

दोन लांब. एक आखूड. माझ्या शेजारच्या पलंगावरून. वीतभर छातीतून माझा बाजारी आवाज. मग थांबा. मी मोजले. वीस.

मग उसळी. झोपेतच.

१५ नोव्हेंबर, शनिवार

निमेश तिला बालडॉक्टरकडे घेऊन गेला. नाकामागची गाठ सुजलीय, लहान मुलांना होतं, थेंब घाला. झोपेत श्वास थांबत असेल तर कान-नाक-घशाच्या मोठ्या डॉक्टरला दाखवा. त्याची वेळ पुढच्या शनिवारची मिळाली.

मी लिहिलं, सगळं लिहिलं. पंचमी, भरती, तांदूळ. निमेशने वाचलं आणि वही मिटून माझ्या उशाशी ठेवली. म्हणाला, आई, भुलीचा असर आहे, म्हाताऱ्या माणसांना होतो. कल्पिता म्हणाली, आजीचं बघून पोरगी नक्कल करते.

झोपेत नक्कल?

१७ नोव्हेंबर, सोमवार

शाळेतून चिठ्ठी आली. चिमी वर्गात झोपते. घरी घास तोंडात ठेवून झोपली. घर डोक्यावर घेणारी पोर, खेळण्यांच्या टबात बसल्या बसल्या मान टाकते. तिच्या डोळ्यांखाली काळं आलंय. ते काळं मी वीस वर्षं आरशात पाहिलंय.

आणि मी ताजी. हेच जिवाला लागतं. काल दहा तास झोपले. अंगात विशीतल्यासारखं बळ.

थांबा आज पस्तीस.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पन्नास. ओठ निळे झाले. मी थाळी बडवली, बडवतच राहिले. कल्पिता धावत आली तर चिमीने उसळी घेतली आणि रडायला लागली. कल्पिता मला ओरडली, आई, झोपलेल्या पोरीला का घाबरवता. पहिल्यांदाच ओरडली. बरोबर आहे तिचं. तिने फक्त थाळी ऐकली.

आता चिमीला त्यांच्या खोलीत झोपवलंय. भिंतीतून ऐकू येतं—

१९ नोव्हेंबर, बुधवार

मंजुळा आली. मी वही दिली. बोट ठेवून सगळं वाचलं तिने. निमेशच्या नावाने शिव्या घातल्या, मग माझ्या. कोळीण असून पाणी बघितलं नाहीस?

दुसरा उतारा काढतेस का, मी लिहिलं. ती म्हणाली, आता ते वाटेवर नाही, घरात शिरलंय. उघडं तोंड मिळालं, शिरलं. आता निघेल तर जुनी मालकीण उताणी, तोंड उघडून, अगदी जवळ झोपलेली दिसली तरच.

आणि मग मालकिणीचं काय?

मंजुळाने पदर तोंडाला लावला.

डॉक्टर म्हणाला होता, ताजी जखम आहे, उताणं झोपायचं नाही, श्वास कोंडेल. म्हणजे दोन्हीकडून तेच.

शनिवारला तीन दिवस. आज पासष्ट मोजले.

मायेबियेचं मला लिहिता येत नाही. मी अडुसष्ट, ती चार. बस.

२० नोव्हेंबर, गुरुवार. दुपार

कल्पिताची मीटिंग. चिमीला मीच हाताला धरून इकडे आणली. लगेच झोपली. तिच्या पलंगावर, तिच्याशेजारी मी. उशा खाली टाकल्या. उताणी. वही छातीवर, अक्षर वाकडं येतंय—

दोन लांब. एक आखूड. थांबा.

तोंड उघडलंय. ये. ये मेल्या, तुझं घर इथे आहे.

चाळीस. पन्नास. साठ—

सत्तर. चिमे—

गालाला ओलं लागलं. खारट. जिभेवर. आत. जिथे काही उरलं नाही तिथे बसतंय, जागा करून—

चिमीने तोंड मिटलं. नाकाने श्वास. हळू. आवाज नाही. ओठ गुलाबी झाले. माझी पोर ती. झोप.

मला— घशात— मिटत नाही तोंड. उठता येत नाही. थाळी हाताला येत नाही. असू दे. गेलं ना तिच्यातून. असू—

चिमी उठली.

आजी काय झालं, म्हणते. माझ्या अंगावर चढली. तोंडात काय गेलं बघते म्हणे. वाकून. अगदी जवळ. बघताना तिचं तोंड उघडं—

आतलं थांबलंय. ऐकतंय—

तोंड मिट, चिमे. आवाज नाही फुटत. वही धरली तिच्यापुढे. तोंड मिट. तोंड मिट. बोट ठेवून बघते— हसते— हिला वाचता—

तोंड मि