वॉर्ड सातच्या जन्मनोंदी

४ जुलै २००३, शुक्रवार
झाला ठराव! आठ माणसं मिळाली. तीन वर्षं नगरपालिकेचा संगणक विभाग म्हणजे मी आणि हरेश. एक सर्व्हर, चार मशीन, आणि कोणाचा प्रिंटर अडकला की दोघांची धावपळ. आता विभाग म्हणावा असा विभाग.
पण मुख्याधिकाऱ्यांनी, आमच्या सीओ साहेबांनी, मेख मारलीच. नवी भरती नाही. आहेत त्यांतूनच घ्या — टायपिस्ट, जकात बंद झाल्यापासून रिकामे बसलेले कारकून. तीन महिने शिकवायचं, शिकता शिकता जुनी रजिस्टरं संगणकात भरून घ्यायची. पाच जण ठेवायचे, तिघांना आरोग्य खात्यात पाठवायचं. कोण राहणार, कोण जाणार, तो शेरा माझा.
हरेश म्हणाला, कौस्तुभ, एकोणतिसाव्या वर्षी एवढं हातात येणं चांगलं नसतं. तो हसत होता. मी नाही हसलो.

७ जुलै, सोमवार
आठही आले. शाळेत पहिल्या दिवशी यावेत तसे, नव्या वह्या घेऊन. जकात नाक्यावरचे शत्रुघ्न म्हात्रे माउस उचलून टेबलाच्या वर हवेत फिरवत होते. मी थांबवलं नाही. सगळ्यांना बघू दिलं.
आणि पॉलिन डाबरे. गिरीज गावच्या. एक्कावन्न वर्षांच्या, त्यांतली सव्वीस टाइपरायटरवर. मी नोकरीला लागलो त्या आठवड्यात फलकावर माझी पहिली नोटीस लावली होती. या बाईंनी ती काढून, लाल पेनने सात जागी ऱ्हस्व-दीर्घ सुधारून माझ्या टेबलावर आणून ठेवली. सगळ्यांसमोर. वर गोड आवाजात — "नवीन आहात सर, होतं असं."
ती सात वर्तुळं मी विसरलेलो नाही. आज त्यांना दाराजवळचं मशीन दिलं. तिथे पंखा लागत नाही.

१८ जुलै, शुक्रवार
आजपासून चुकांची यादी. दर शुक्रवारी फलकावर, नावासकट. या आठवड्यात पहिल्या नंबरावर शत्रुघ्न — एकशे बारा. दुसऱ्या नंबरावर पॉलिनबाई — शहाण्णव. माणसं यादीसमोर थांबतात, वाचतात, एकमेकांकडे न बघता जाग्यावर जातात. काम वाढलंय. हे मला आधीच सुचायला हवं होतं.

२१ जुलै, सोमवार
शत्रुघ्न गेले. स्वतःच लिहून दिलं — मला आरोग्य खात्यात घ्या. जाताना मशीनवर कापडी कव्हर नीट घातलं आणि मला नमस्कार केला. चला, एक गेला. दोन राहिले.

२५ जुलै
पॉलिनबाई जेवणाच्या सुट्टीत आल्या. म्हणाल्या, यादीत नाव राहू द्या, पण फलक घरपट्टीच्या खिडकीजवळ आहे. आमच्या गावचे लोक येतात, वाचतात, मुलगी बर्था पण परवा वाचून गेली. दुसरीकडे लावता का.
लावली. मुख्य दारात.
त्यांच्या चुका का होतात ते मला ठाऊक आहे. बोटं जुन्या टाइपरायटरच्या जागा शोधतात. सॉफ्टवेअरमध्ये ती जुनी मांडणीही आहे. एका जागी टिचकी मारली की या बाईंचे हात पळायला लागतील. मी सांगितलेलं नाही.

१ ऑगस्ट
हरेशने पॉलिनबाईंना ते सांगितलं. मला न विचारता तिच्या मशीनवर जुनी मांडणी लावून दिली. या आठवड्यात तिच्या चुका — चार.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
पॉलिनबाई सगळ्यांत पुढे. वॉर्ड सातची जन्माची जुनी रजिस्टरं त्यांच्याकडे आहेत. पानं हातात तुटतात, मोडी वळणाचं अक्षर, आणि ही बाई वाचते. बाकीचे अडले की माझ्याकडे न येता तिच्याकडे जातात. सीओ साहेब फेरीला आले, तिच्यामागे दोन मिनिटं उभे राहिले. म्हणाले, हिला तुमची मदतनीस करा.
आज यादी लावली नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार
लिहून काढतो.
दुपारी सर्व्हरवर जागा करत होतो. जुलैची जुनी प्रत नव्या फाइलवर चढवली. उलटं करायला निघालो होतो, आणि केलं हे. वॉर्ड सात, एकोणीसशे साठपासून अठ्ठ्याहत्तरपर्यंत, तीन हजारांवर नोंदी — गेल्या. बॅकअप दर शुक्रवारी घ्यायचा असतो. जुलैनंतर घेतलेला नाही. बॅकअपच्या वहीत मात्र दर शुक्रवारी माझी बरोबरची खूण आहे.
चार वाजता साहेबांनी बोलावलं. कोणाच्या हातून झालं?
मी म्हणालो, पॉलिन डाबरे.
विचार करून नाही म्हणालो. नाव आपोआप तोंडात आलं. आल्यावर मात्र मी ते मागे घेतलं नाही, उलट नीट बसवलं — मशीन बंद करताना चुकीची कळ दाबली गेली, वय झालंय, सवय नाही.
मग तिला बोलावून तेच सांगितलं. ती रडेल, भांडेल असं वाटलं होतं. तिने एवढंच विचारलं, "कुठली कळ, सर?"
मी तोंडाला येईल ती सांगितली. एफ आठ.
ती आपल्या बोटाकडे बघत राहिली.

१२ सप्टेंबर
तिने एफ आठवर जखमेला लावायची पट्टी चिकटवली आहे. पुन्हा बोट जाऊ नये म्हणून. हरेशने ती पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. ती कळ या कामात काहीच करत नाही, हे त्याला माहीत आहे. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

१४ सप्टेंबर, रविवार
तिने साहेबांकडून परवानगी आणली. सगळ्या नोंदी पुन्हा भरून देते. रोज सुटल्यावर सातपर्यंत आणि रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून. विभागाची किल्ली माझ्याकडे, म्हणून रविवारी मलाही यायचं. माझी सुट्टी गेली म्हणून तिने माफी मागितली! वाडीतल्या केळ्यांची फणी आणली होती. मी दोन खाल्ली.

२८ सप्टेंबर, रविवार
रिकाम्या ऑफिसात तिचा आवाज फार मोठा वाटतो. नाव पुटपुटत टाइप करते. मध्येच थांबते — हा आमच्या आळीतला, आता आखातात असतो. ही जुळ्यांतली एक, दुसरी राहिली नाही. एकदा बराच वेळ टकटक ऐकू आली नाही. बघायला गेलो. बर्थाची नोंद निघाली होती, सत्त्याहत्तरची.
म्हणाली, "बघा सर, माझ्याच हाताने माझीच मुलगी पुसली होती मी."
मी म्हणालो, लवकर आटपा, मला जायचंय.

१२ ऑक्टोबर, रविवार
आज गेलोच नाही. किल्ली पास्कल शिपायाकडे दिली. घरी दिवसभर पडून होतो. आईने दोनदा विचारलं, बरं नाही का. कुणी विचारलं की चीड येते.

१९ ऑक्टोबर, रविवार
संपलं. शेवटची नोंद भरून तिने रजिस्टराला नवं पुठ्ठ्याचं कव्हर घातलं. मी पन्नास नोंदी ताडून पाहिल्या, कुठेतरी काहीतरी सापडावं म्हणून. सापडलं नाही.

२० ऑक्टोबर, सोमवार
पाच नावं साहेबांना दिली. त्यांत तिचं होतं. खरंच होतं. साहेबांनीच त्यावर काट मारली. म्हणाले, भरलं ते ठीक, पण जिच्या हातून एकदा पुसलं गेलं तिला सर्व्हरजवळ ठेवलं आणि पुन्हा काही झालं तर सभागृहात उत्तर मी देणार का? लिहा शेरा.
तेव्हा सांगता आलं असतं. साहेब पेन पुढे करून थांबले होते.
मी लिहिलं — 'संगणकीय कामास अयोग्य'. साहेबांनी वाचून विचारलं, 'संगणकीय'मधला 'की' दीर्घच ना? मी हो म्हणालो.
सोमवार, तीन नोव्हेंबरपासून ती आरोग्य खात्यात, गास गावाकडच्या सफाई कामगारांच्या हजेरी चौकीवर. पहाटे साडेपाचला हजेरी.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
दिवाळीसाठी ऑफिस दुपारीच रिकामं झालं. जिन्यात पॉलिनबाई पास्कलला काहीतरी विचारत होत्या. मी वर थांबलो. त्या विचारत होत्या, चौकीवर बाईमाणसासाठी संडास आहे का. पास्कल म्हणाला, नाही हो बाय, शेजारच्या बंगल्यात विचारावं लागतं.
त्यांनी 'बरं' म्हटलं आणि पर्समधून वही काढून त्या बंगल्याचं नाव लिहून घेतलं.
त्या खाली उतरून जाईपर्यंत मी वरच थांबलो.

२६ ऑक्टोबर, रविवार
गिरीजला गेलो. फराळाचा डबा घेऊन. घर शोधावं लागलं नाही, पहिल्याच माणसाने थेट अंगणापर्यंत आणून सोडलं. बर्था ओट्यावर भाजीच्या जुड्या बांधत होती. पॉलिनबाईंनी खुर्ची पुसून दिली.
मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. "पॉलिनबाई, ती फाइल मी उडवली. तुम्ही नाही."
मी सगळं सांगितलं — जुनी प्रत, न घेतलेला बॅकअप, वहीतल्या खोट्या खुणा, एफ आठ. जसजसं सांगत गेलो तसतसा त्यांचा चेहरा मऊ होत गेला. शेवटी त्यांनी उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला.
"सर, माझ्यासाठी असं खोटं बोलू नका. तुमचं सगळं आयुष्य पुढे आहे. माझी सात वर्षं राहिलीत, मी काढीन कशीतरी."
मी म्हणालो, खरं सांगतोय. त्या म्हणाल्या, खरं असतं तर एवढ्या दिवसांत तुम्ही मला असं राबू दिलं असतंत का? तुम्ही तसे नाहीत.
लेखी देतो म्हणालो. त्यांनी देवाची शपथ घालून नको सांगितलं. मग आत वळून बर्थाला आपल्या बोलीत काहीतरी म्हणाल्या. मला 'चांगल्या घरचा' एवढंच समजलं. बर्था हसली नाही. तिने जुडी खाली ठेवली आणि मी फाटकाबाहेर पडेपर्यंत माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलंय.
स्कूटरवर येताना ठरवलं, उद्या साहेबांना लेखी द्यायचं. कागद समोर घेऊनच बसलोय.

२७ ऑक्टोबर
साहेब रजेवर.

३० ऑक्टोबर
साहेब आले. गर्दी होती.

३ नोव्हेंबर, सोमवार
दाराजवळचं मशीन रिकामं. त्या आज चौकीवर हजर झाल्या असतील. गिरीजहून पावणेपाचला तरी निघाल्या असणार. हरेश दिवसभर माझ्याशी बोलला नाही. संध्याकाळी त्याने बदलीचा अर्ज टेबलावर ठेवला. कारण विचारलं, तर म्हणाला, कारण तुम्हीच लिहा, साहेब. आजवर त्याने मला कधी साहेब म्हटलं नव्हतं.
लेखी दिलेलं नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
साहेबांनी बोलावलं. केबिनमध्ये चार खातेप्रमुख बसलेले. साहेब म्हणाले, डाबरे बाई येऊन गेल्या. सांगत होत्या की त्यांची चूक स्वतःच्या अंगावर घ्यायला तुम्ही त्यांच्या घरापर्यंत गेला होतात. खरं का हे?
सगळे माझ्याकडे बघत होते. कौतुकाने.
मी मान खाली घातली आणि म्हणालो, "जाऊ द्या, सर."