केळीच्या खांबाला कान नसतात

आबा,

तुमचा तीरकामठा आता घरी नाही. आढ्याला जिथे तो टांगलेला असायचा, तिथे मायने लसणाच्या जुड्या बांधल्या आहेत. कामठा तालुक्याच्या कोर्टात मुद्देमालाच्या खोलीत पडून आहे, त्याला लाखेचं सील लागलंय, आणि उद्या त्याच कोर्टात माझी साक्ष आहे. मी सरकारी साक्षीदार. आरोपी आपले शेजारचे नाना. हो, तेच, ज्यांच्याबरोबर तुम्ही डोंगरात जायचात.

घरी मी तुम्हाला अरे-तुरे करायचे. आपल्याकडे सगळीच पोरं बापाला करतात. पण कागदावर तसं लिहायला हात धजत नाही, एवढं शाळा-कॉलेजाने केलेलं दिसतं. तुम्हाला माहीत नसणार, मी जळगावला होस्टेलवर राहून बी.एस्सी. झाले. आपल्या घरात मी पहिली. मग वनरक्षकाची परीक्षा दिली. आधी एरंडोलकडे होते, आता आपल्याच डोंगराच्या पायथ्याचं बीट मिळालं आहे. म्हणजे तुमच्यासारख्या माणसांना पकडण्याची नोकरी. तुम्ही असता तर पोट धरून हसला असता, आणि मग मायला म्हणाला असता, पोरीला जेवायला वाढ, दमून आली. खरंच दमले आहे, आबा. आज दुपारपर्यंत आम्ही जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायचा पट्टा, जाळून साफ करत होतो. अंगाला धुराचा वास आहे आणि तसाच ठेवून लिहायला बसले आहे, कारण आंघोळ केली तर झोप लागेल.

हिवाळ्यात नाल्याकाठी एक भेकर मेलेलं सापडलं. मीच पाहिलं. मादी होती, लहानशी, पाय पोटाशी घेऊन पडलेली. बरगडीतून एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर, असं आरपार भोक. बाण कुठेच नाही. कोणी कापलेलं नाही, उचललेलं नाही. जखम घेऊन पळालं असेल आणि इथे येऊन पडलं असेल. आमच्या रेंजचे साहेब आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, गावठी तीर आहे. दोन दिवसांत नानांच्या भिंतीवरचा कामठा जप्त झाला आणि नानांचं नाव वनगुन्ह्यात आलं. पंचक्रोशीत विचारलं की चांगला तीर कोण मारतो, तर लोक अजूनही नानांचंच नाव घेतात. ही त्यांच्याविरुद्धची सगळ्यात मोठी गोष्ट.

माझं मन ते मानत नव्हतं. त्याच आठवड्यात एका शेतातल्या बंगल्यावर शहरातली काही पोरं मुक्कामाला होती आणि त्यांच्याकडे क्रॉसबो होता, असं केळी कापणाऱ्या बाया सांगत होत्या. क्रॉसबो म्हणजे आडवा कामठा, बंदुकीसारखा खांद्याला लावायचा आणि घोडा ओढायचा. बाया बोलतात, पण जबाब द्यायला कोणी येत नाही. मग मी फोनवर शोधत बसले. परदेशात हरणाच्या शिकारीला परवाने मिळतात, आणि तिथली माणसं एकाच गोष्टीवर भांडत असतात, की बाणाला वेग किती हवा. एक म्हणतो, वेग वाढवा, हरणाला हलायला वेळच मिळू नये. दुसरा म्हणतो, कितीही वाढवा, आवाज पुढेच जाणार. त्यापेक्षा कामठा मुका करा, बाण जड करा आणि जवळ जा. मी एकटीच हसले. हे सगळं मी आपल्या नाल्यावर ऐकलेलं होतं.

तुम्हाला तो दिवस आठवत असेल की नाही कोण जाणे. मी तिसरीत असेन. तुम्ही मला करंजाच्या झाडामागे बसवता आणि तोंडावर बोट ठेवता. भेकर पाण्यावर येतं. तुम्ही तीर सोडता, आणि माझ्या डोळ्यांदेखत भेकर खाली बसल्यासारखं होतं, तीर त्याच्या पाठीवरून निघून जातो आणि ते कुत्र्यासारखं भुंकत झाडीत शिरतं. मला वाटलं, तुम्ही चिडाल. तुम्ही माझ्याकडे वळून विचारलंत, "तुले काय ऐकू उनं?"

"टण्ण," मी म्हटलं.

"तुले ऐकू उनं, मंग त्याले नही येवाव का?"

घरी येताना तुम्ही सांगत होतात. वरणगावच्या बंदुकीच्या गोळ्यांच्या कारखान्याजवळ तुम्ही कधीतरी बांधकामावर होतात, तिथे कोणा कामगाराने तुम्हाला हे सांगितलेलं. "वरणगावनी गोयी आवाजना मोरे पयस. आपला तीर आवाजना मांगे. म्हणीसन गोयीवालाले दूर उभं ऱ्हावाले चालस, आपले नही." कॉलेजात ध्वनीचा वेग शिकवला तेव्हा वर्गात मी एकटीच मान हलवत होते. सगळ्यात महागड्या क्रॉसबोचा बाणसुद्धा आवाजाच्या मागेच राहतो, हे मी आता फोनवरचे आकडे घेऊन गणित करून पाहिलं.

त्याच संध्याकाळी चुलीपुढे माय आणि तुमचं भांडण झालं. तुम्ही माझ्या शाळेच्या स्वेटरची बाही उसवून लोकर काढली होतीत आणि ती कामठ्याच्या दोरीला दोन्ही टोकांशी गुंडाळत बसला होतात, टणत्कार दबावा म्हणून. माय भाकरी थापता थापता थांबली. "पोरनं स्वेटर कसाले उसवं? भेकरले थंडी वाजी ऱ्हायनी का?" तुम्ही इतके हसलात की लोकर हातातून सुटली. मग मायही हसली, पण भाकरी करपली आणि ती तुम्हालाच खावी लागली. मी तो हिवाळा एका बाहीने काढला. कावीळ होऊन तुम्ही गेलात तेव्हाही ती करडी लोकर दोरीला तशीच होती. गेल्या महिन्यापर्यंत होती. आता सीलच्या खाली आहे.

ते कसं झालं, तेवढंच सांगायचं आहे.

मी साहेबांना म्हटलं, सर, गावठी कामठ्याला एवढा वेग नसतो, भेकराच्या आरपार जाणार नाही. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांची बदली जवळ आली आहे आणि त्यांना फाइल पुरी करायची आहे, एवढंच. ते म्हणाले, "मॅडम, सिद्ध करून दाखवा." मी म्हटलं, दाखवते. मला वाटलं, किती सोपं आहे. सत्य काय आहे ते सगळ्यांसमोर करून दाखवायचं, पंचांनी लिहून घ्यायचं, नाना सुटले. मी खरोखर असाच विचार केला, आबा.

नानांचा कामठा जप्त होता, म्हणून मी आपल्या आढ्यावरून तुमचा काढला. घड उतरवलेल्या केळीच्या बागेतून दोन खांब तोडून आणले, एकापुढे एक उभे करून बांधावर टेकवले. तुम्हीही खांबावरच सराव करायचात. मांसासारखं ओलं असतं, म्हणायचात. दुपारी पंच, साहेब, अर्धं गाव जमलं. नाना पांढरी टोपी घालून आले. अक्का, त्यांची बायको, मागून आली आणि त्यांच्या बाहीला धरून हळूच म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल इतकं हळूच, "जोर नका लावू. थोडंच वढा."

"मंग कामठा कसाले धरू?" नाना म्हणाले. "झाडू आण."

लोक हसले. साहेबांनी लांब एक दगड दाखवला, तिथून मारा म्हणाले. नानांनी मान हलवली आणि चालत पुढे गेले. चालताना थांबून दोनदा खोकले, गुडघ्यावर हात ठेवला, पुन्हा चालले. आपण कोणाला तंबाखू मागतो तेवढ्या अंतरावर जाऊन उभे राहिले. दोरीवरची लोकर त्यांनी अंगठ्याने चाचपली. "तुन्हा बापनी शे ना ही?" मला विचारलं. मी हो म्हटलं. मग त्यांनी दोरी ओढली आणि मला कळलं की हा माणूस आता कोणाचंही ऐकणार नाही, अक्काचं नाही, आपल्या वकिलाचं नाही. त्यांनी तीर सोडला. आवाज जवळजवळ आलाच नाही. तीर दोन्ही खांबांतून गेला आणि मागे बांधाच्या मातीत शिरला.

"वा रे नाना!" कोणीतरी ओरडलं. नाना वळले. तोंडावर असं हसू होतं की मी ते लहानपणापासून पाहिलं नव्हतं. त्यांनी आधी लोकांकडे बघितलं, मग अक्काकडे. अक्काने तोंडावर पदर ओढला होता. तेव्हा त्यांना कळलं.

साहेबांनी जाऊन मातीत शिरलेला तीर बघितला. मग पंचांना म्हणाले, लिहा. आणि माझ्याकडे न बघता, "तुम्हीच म्हणाला होतात ना, वेग लागतो?"

मी विसरले होते, आबा. जड बाण हळू जातो, पण एकदा शिरला की थांबत नाही. वेगाचं सगळं काम तुम्ही जवळ जाऊन भागवायचात. हे तुम्हीच शिकवलेलं होतं. पण बाहेरच्या पोरांवर बोट दाखवायला मला वेग हवा होता, म्हणून मी वेगच धरून बसले.

बोलली ती अक्का. पदर काढून थेट साहेबांसमोर आली. "साहेब, खांबले कान ऱ्हातस का? ह्यासना खोकला बठ्ठा गावले ऐकू येस, भेकरले नही येवाव का?" साहेब म्हणाले, आजी, बाजूला व्हा. मी म्हटलं, सर, हे लिहिलं पाहिजे. खांब पळत नाही, ऐकत नाही. एवढ्या जवळ या माणसाला भेकर येऊच देणार नाही. साहेब दमलेल्या आवाजात म्हणाले, "हा पंचनामा आहे मॅडम, कीर्तन नाही." तीर दोन्ही खांबांच्या आरपार गेला, एवढं लिहिलं गेलं. ते खरंच आहे. मी त्यावर सही केली. ज्या कामठ्याने हे केलं तो मुद्देमालात गेला. माझ्या स्वतःच्या जबाबात मात्र मी लिहिलं की आरोपी चालताना दोनदा खोकले आणि गुडघ्यावर हात टेकून थांबले. ते कोणाला खोडता आलं नाही.

नानांचा वकील म्हणतो, याच एका ओळीवर नाना सुटतील. परवा नाना माझ्या क्वार्टरवर आले. मी खुर्ची दिली तर उंबऱ्यावरच बसले.

"तू लिखं का मी खोकलनू?"

"हो नाना."

"गुडघा बी लिखा?"

"हो."

मी विचारलं, नाना, मला एकदा सांगा, तुम्ही मारलं का ते? त्यांना राग आला नाही. "मारं ऱ्हातं त बठ्ठा गावले वाटा देतू," म्हणाले. "जनावर टाकी देस का कोणी? रगत दखत दखत जास ना माणूस." तुम्ही हेच बोलला असता. मला ते पुरेसं आहे. कोर्टाला नाही.

मग म्हणाले, "सुटसू. पण काय म्हणी सुटसू? म्हतारा म्हणी." उठताना त्यांनी दाराची चौकट धरली, मी हात पुढे केला तो घेतला नाही. "तीर गया नही असं लिखती, त मी तुन्हाशी बोलतूच नही. ते बरं लिखं. पण हाई..." खोकला आला होता आणि तो मला ऐकू जाऊ नये म्हणून ते घाईने अंगण ओलांडून गेले.

उद्या ते समोर बसलेले असतील, तीच पांढरी टोपी घालून. वकील मला विचारेल आणि मी भरल्या कोर्टात सांगेन की या माणसाला दम लागतो, याला चालवत नाही, याच्या येण्याची चाहूल भेकराला नाल्यापलीकडून लागेल. मी ते सांगणार आहे. त्यांना सोडवायचं तर दुसरा रस्ता मला दिसत नाही. त्यानंतर नाना आपल्या घरी तंबाखू मागायला येतील असं वाटत नाही. मायला मी अजून हे सांगितलेलं नाही.

खोटं काही सांगायचं नाही, खरं सगळं सांगायचं, असं मी नोकरीला लागताना ठरवलं होतं. आता खरं सांगायला जाते आहे आणि नुसतं झोपून राहावंसं वाटतं आहे. हे पत्र कुठे टाकणार? साक्षीच्या कागदांतही ठेवता येणार नाही, कारण यात एक गोष्ट आहे जी पंचनाम्यात नाही आणि माझ्या जबाबातही नाही. तीर दोन्ही खांबांतून गेला तेव्हा "वा रे नाना" कोणीतरी ओरडलं असं मी वर लिहिलं. आबा, ती मी होते.