गुलाबी गोळी

चंद्रपूर, २० मार्च २०२५

ती. नीलाबाईले धाकट्या बहिणीचा, सुकरीचा सा. न. वि. वि.

आम्ही इथी बरे आहो. तुहं काईच कळलं नाई म्हून जीव खालीवर होऊन राह्यला. फोन लावला तर तुही सून दिव्या म्हनते, सासूबाई मोहफुलं वेचाले गेल्या. टावर टेकडीवरच, अन् तिथी सारं गाव कान देऊन उभं. असल्या गोष्टी पत्रातच बऱ्या.

अंगातली आग थांबली का? दिवाळीत इथी आली तर थंडीत पंखा लावून आमाले कुडकुडवलं होतं तू. पाळी जाऊन दोन वर्सं झाली तरी आग जाईना, म्हून तर डॉक्टरीन बाईकडे नेलं तुले. सोबत नवी पुडी पाठवतो. पांढरी गोळी रोज, अन् महिन्याचे शेवटले बारा दिवस गुलाबीही. गुलाबी संपली का पाळीसारखं थोडं जाईन, त्याले भिऊ नको, असं बाई बोलल्याच होत्या.

माया पातळ होऊ देऊ नको.

तुही सुकरी


कोसमटोला, ता. मुलचेरा, २८ मार्च

चि. सुकरीले अनेक आशीर्वाद.

पांढऱ्या गोळीनं आग गेली, झोप लागते. महिनाभर दिव्यावर ओरडली नाई, तं तिलेच भेव वाटलं, सासू बिमार तं नाई.

गुलाबीचं सांगतो, रागावू नको. पयल्या महिन्यात खाल्ली अन् पाळी आली. पाळी आली का कुर्माघर. गावाबायेरच्या त्या झोपडीतून मी सुटली होती ना. पुन्हा पोरीसोरींत जाऊन बसली. त्या हासत, म्हनत मावशीले जवानी आली. देवाच्या सणाचा, पंडुमचा भात पाळीतून सुटलेल्या बाईलेच रांधाले भेटते, अन् अवंदा तो मान माहा होता. म्हून तवापासून गुलाबी चुलीत टाकतो, पांढरीच खातो. मस्त आहे.

कंबर थोडी दुखते, मोह वेचून असन.

तुह्यावर जीव असलेली बाई


चंद्रपूर, ४ एप्रिल

ती. बाईले सा. न.

तुहं पत्र वाचलं. तशीच डॉक्टरीन बाईकडे गेली. त्या म्हनाल्या, पिशवी काढली नसन त्या बाईनं पांढरी एकटी खाऊच नये. पांढरी पिशवीचं अस्तर वाढवते, गुलाबी ते झाडून काढते. झाडलं नाई तर अस्तर जाड होत जाते, अन् त्यातून कॅन्सरही होऊ शकते. कुर्माघराचं सांगितलं तर म्हनाल्या, हे तवाच सांगाचं होतं. दोन्ही गोळ्या रोज खायाचीही रीत आहे, त्यात पाळी बहुतेक येत नाई.

मधात कधी डाग दिसला का, असं त्यांनी विचारलं. मी नाई म्हनलं. पन बाई, तुह्या कंबरदुखीवर माहा भरोसा नाई. डाग असन तर सोनोग्राफी कराची अन् पिशवीतला तुकडा तपासाचा. खरं लिही अन् लवकर ये. माही सासू इथीही आमाले पाच दिवस गॅलरीत बसवते, तिचं मी पाहून घेईन.

राग आहे तो मायेचाच समज.

सुकरी


कोसमटोला, १२ एप्रिल

सुकरीले आशीर्वाद.

खरं लिहितो. होळीच्या आधीपासून जाऊन राह्यलं, थोडं थोडं. कोनाले सांगितलं नाई. तसाच पंडुमचा भात रांधला, साऱ्या गावानं खाल्ला. मले वाटे, आता कोनाचं ढोर मरन अन् माहं नाव येईन. कोनाचं काईच झालं नाई. मीच भेवानं अर्धी झाली.

तुहं पत्र आलं अन् कुर्माघराचे नेम पाहनाऱ्या म्हाताऱ्या बुधरीजवळ सारं बोलली. ती रागावली नाई. म्हनाली, कुर्म्यात बस, थांबलं का आंघोळ करून चंद्रपूरले जा. तवापासून बसून आहो. थांबलं का जा म्हनते, अन् हे तं थांबूनच नाई राह्यलं, सुकरी. मले लय भेव वाटते.

म्हून आज बुधरीले सांगितलं, थांबाची वाट न पाहता निघतो. जराशानं ती, गाडीत लागतीन म्हून, धुतलेल्या लुगड्याची फडकी दारात ठेवून गेली.

हे पत्र आजच्या कंडक्टरच्या हाती देतो, उद्याच्या गाडीनं मी येतो. तुह्या सासूले आधीच सांगून ठेव, मी गॅलरीत बसनार नाई. सैपाकघरात बसीन, तुह्याजवळ.

लोभ आहेच, तो घेऊन स्टँडवर उभी राह्य.

तुही बाई,
नीला