पेटीला झेंडूची माळ

८ सप्टेंबर २०२५, देवळाली प्रवरा

बसवली एकदाची आमच्या कंपनीची पेटी! मुक्ताबाईंच्या पेरूच्या बागेत. फळमाशी आत येते, चिकट कागदावर अडकते, कॅमेरा मोजतो. माशा वाढल्या की मुक्ताबाईंना आपोआप फोन — "आज फवारणी करा."

"दसऱ्यापत्तूर राहू दे," त्या म्हणाल्या. "न्हाई पटली तर घेऊन जा."

शेजारचे बागवाले त्यांच्याकडेच बघून ठरवणार. त्यांनी नको म्हटलं तर ऑफिस मला इथून हलवणार. आणि मला तर हे गाव आवडायला लागलंय!

१५ सप्टेंबर

त्यांचे दीर, सूर्यभानकाका, दर सोमवारी फवारणीचा पंप पाठीला लावतात. माशी असो, नसो. आज मुक्ताबाईंनी अडवलं — "पेटी बोलली का? न्हाई ना? मग बसा."

काका माझ्यावर खवळले. "डब्याला इचारून शेती करायची व्हय आता?"



२० सप्टेंबर

पेटीचा पहिला फोन. फवारलं.

२७ सप्टेंबर

मुक्ताबाईंनी पेरू कापला. अळी नाही. दुसरा कापला, तोही स्वच्छ. दोन्ही पेरू मलाच खायला लावले. काका लांबून बघत होते. त्यांना काही पटत नाही. हट्टी म्हातारा!

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

सकाळीच मुक्ताबाईंचा फोन — "अगं, लई माशा झाल्यात म्हनती तुझी पेटी!" धावतच गेले.

पेटीला झेंडूची माळ, हळदी-कुंकवाची बोटं, आणि आत चिकट कागदभर अक्षता! पेटीने तांदळाचा दाणा न् दाणा माशी म्हणून मोजलेला. आमच्या घरी औजारं पुजत नाहीत, पण गावाकडे खंडेनवमीला पुजतात हे मला लहानपणापासून ठाऊक. पेटीही औजारांत धरतील हे कुठे सुचणार!

बरं तर बरं, फुकटची फवारणी झाली नाही. पंपालाही माळ होती. "पुजल्यालं औजार आज हातात धरत न्हाईत," काका म्हणाले. "तुज्या पेटीला तेवढं कळंना."

हसून हसून मुरकुंडी वळली. घरी आल्यावर मात्र धाकधूक. उद्या दसरा, आणि पेटीने ऐन वेळी घोळ घातला. मुक्ताबाईंनी इतक्या हौसेने पूजा केली, त्यांनाच तिने तोंडघशी पाडलं.

३ ऑक्टोबर

पेटी न्यायची का, विचारायला गेले.

"मला काय इचारते? पूजा भाऊजींनी केली," मुक्ताबाई म्हणाल्या. "त्यांनाच इचार."

काका पेटीतल्या अक्षता एकेक करून वेचत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "पुजल्यालं औजार कुनी घराभायेर देतं का?"