एकटी मांडलेली राणी

आई,

दसरा आला की तुझ्यावाचून करमत नाही, आणि तुझा रागही येतो. यंदाही पायऱ्यांवर बाहुल्या मांडल्या, आपले गोंबे. सगळ्यात वर तुझी रक्तचंदनाची राजा-राणी, लग्नात हुणसूरहून तुझ्याबरोबर आलेली. मुलीला माहेरून मिळालेली ही बाहुल्यांची जोडी जोडीनेच मांडायची, हे म्हैसुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाबा गेले त्या वर्षी मात्र तू राणीला एकटीलाच बसवलंस.

आत्या दारातच थबकली. "अय्यो, राजा कुठाय वो वहिनी?" तू राणीच्या निऱ्या सारख्या करत म्हणालीस, "लढाईला गेलाय. सुम्ने, गप बसा तुम्ही, कॉफी आणते."

मग दरवर्षी दसऱ्यात रोज संध्याकाळी तू तिला आपल्याच कापडाच्या छापशाळेतल्या चिंधीची नवी साडी नेसवायचीस आणि तिचं आयुष्य सांगायचीस. फार जुन्या काळची ती, कावेरीकाठच्या एका गडाच्या धन्याची बायको. पालखीत रडत आली, चोरून घोड्यावर बसायला शिकली. धनी लढाईला गेल्यावर तिने तळं खोदून घेतलं. पाण्यावरून धोबी आणि रंगारी भांडत आले, तेव्हा निकाल रंगाऱ्यांच्या बाजूने लागला. आपण रंगारी, आपल्या घरात दुसरा निकाल कसा लागणार! एकदा दीर आला, म्हणाला, बाईमाणसाला गड झेपत नाही, सोड. ती म्हणाली, "झेपतो की नाही, ते गडाला विचारा." त्याच दिवसांत काका आपली छापशाळा मागायला येत होते, हे मला फार उशिरा उमगलं. छापशाळा तू सोडली नाहीस. दसऱ्याच्या रात्री, मांडणी उचलायच्या आधी, राणीला आडवी निजवून म्हणायचीस, "आयतु, झालं, उरलेलं पुढच्या वर्षी." आणि एका वर्षी तूच गेलीस, गोष्ट अर्धी टाकून.

माझा राजा घरात आहे, देवाच्या दयेने धडधाकट. त्यामुळे माझ्याकडे दोघंही शेजारी बसतात. नात विचारते, "अज्जी, मग राणीने काय केलं?" मी म्हणते, "राजाला कॉफी दिली." ती उठून मोबाइल घेते.

काल हे कृष्णराजनगरला बहिणीकडे गेले. मी राजाला उचलून तांदळाच्या डब्यात ठेवलं. शिव शिव, नवरा जिवंत असताना! मग उरलेली गोष्ट सांगायला राणीसमोर बसले. ना तळं, ना घोडा. ती आपली लाकडाची, समोर बघत राहिली. मला रडू आलं. हे यायच्या आत राजाला पुसून जागेवर ठेवलं. "डोळे का लाल?" यांनी विचारलं. धूप लागला, म्हटलं.

राणी नको होती गं मला. तिचा पदर सारखा करणारी, नीळ लागलेली तुझी बोटं हवी होती.

हे पत्र कुठे टाकणार? पत्ता असता तरी टाकलं नसतं. राजा डब्यात कोंबला म्हणून तू माझी चांगली खरडपट्टी काढली असतीस. खरं सांगू? ती ऐकायला मिळावी म्हणूनच कोंबला होता.