समोरून मारलेली हाक

खाला, तुझ्या मागच्या दारापासून विहिरीच्या कोपऱ्यापर्यंत किती पावलं होती, हे मी तेव्हा मोजून ठेवलं नाही, याचं आता वाईट वाटतं. अमरावतीच्या दवाखान्यात सुईणीचं काम शिकल्यापासून मला सगळं मोजायची सवय लागली आहे. कळा किती अंतराने येतात, नाडी कशी चालते, मूल किती वेळाने रडलं, सगळं घड्याळ पाहून लिहून ठेवते. तुला लिहिता येत नव्हतं. तरी तुझ्याइतकं नेमकं काम करणारं माणूस मला पुढे भेटलं नाही.

अकोल्यात तेव्हा जिकडेतिकडे कापूस होता. दूरच्या कुठल्याशा मुलखात लढाई पेटली आहे आणि म्हणून विलायतेला आपला कापूस हवा आहे, असं मोठी माणसं बोलत. गाड्यांच्या रांगा निघत, रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना पांढरे पुंजके अडकलेले असत. व्यापाऱ्याच्या आवारात बायका ओळीने बसून हातचरखीवर सरकी वेगळी करत. आई त्यांच्यातली एक. चरखीत एका मुलाची बोटं सापडल्यापासून मुकादमाने मुलं आणायला बंदी केली होती, म्हणून बायका आपली मुलं तुझ्याकडे ठेवत. तू पिंजाऱ्याची विधवा, पाय अधू, घरात जागा बेताची. आमच्याआधी चार मुलं होती. मग आई आम्हा दोघींना घेऊन आली. मी आठ वर्षांची, धाकटीला दोन वर्षंही पुरी झाली नव्हती. आमची भाकरी वेगळ्या फडक्यात बांधून आई म्हणाली, "हे हिले आमच्या घरचंच देजा." तू फडकं खुंटीला अडकवलंस आणि म्हणालीस, "बाई, पहिले खाऊ तं दे तिले."

धाकटी खायचीच नाही. दाराकडे तोंड करून, मुठी आवळून बसायची आणि उचकी लागेपर्यंत रडायची. तू गूळ दिलास, पिंजलेल्या कापसाच्या पेळूची बाहुली केलीस, शेजारची शेळी आणून अंगणात बांधलीस. बाकीची मुलं शेळीवर खूश, ही शेळीकडे बघेना. चौथ्या दिवशी तिला ताप भरला. दुपारी आईला आवारातून बोलावून आणावं लागलं, आणि मुकादमाने निरोप धाडला की आणखी एकदा चरखी सोडून गेलीस तर परत येऊ नको, जागेसाठी बायका फाटकाशी बसून आहेत. आईची जागा गेली असती तर आम्हाला चांदूर बाजारला मामाच्या दारी जावं लागलं असतं. मामी आम्हाला कशी वागवते ते आम्ही एक महिना पाहून आलो होतो.

पाचव्या दिवशी तू काहीच केलं नाहीस. रुईच्या ढिगाशी बसून फक्त पाहत राहिलीस. आई गेल्यावर माझा हात धरून उजेडात नेलास. तळव्याच्या कडेला दातांचे अर्धगोल वण होते, काही जुने, काही ताजे.

"हे कोनं चावलं?"

मी हात मागे ओढला.

"पोट्टे, मी तुह्या मायले नाही सांगत. बोल."

मग मी सांगितलं. निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नसते. आई पाठमोरी झाली की धाकटी "माय" म्हणून ओरडायची, म्हणून तिचं तोंड दाबून धरायचं काम माझ्याकडे होतं. आई रोज सांगून जायची, "तोंडावर हात ठेवजो, हाक देऊ देजो नको." आई वळणावर दिसेनाशी झाली की मी हात काढायची. तू विचारलंस, "काहून एवढं?" तेव्हा तेही सांगितलं. बा कापसाच्या गाड्या घेऊन निघाला तेव्हा मी मागून हाक मारली होती, मला घुंगरू आण म्हणून. तो वळून हसला. वाटेत पटकीने गेला. आई मला कधी रागावली नाही. एकदाच म्हणाली, "तुनं हाक देल्ती."

यावर दुसरं कुणी काय म्हणालं असतं, ते मला माहीत आहे. पुढे दवाखान्यात पटकी कशाने होते हे मी शिकले, पण तेव्हा मला कोणी समजावलं असतं तर मी नुसतं ऐकून घेतलं असतं, मनातून ते गेलं नसतं. तू ते खोटं आहे असं म्हणाली नाहीस. खरं आहे असंही नाही. रुई उकलता उकलता म्हणालीस, "मागून नाही मारायची ना? मंग समोरून मारू."

दुसऱ्या दिवशी आई मोठ्या रस्त्याने, गाड्यांच्या रांगेला वळसा घालून निघते. तू धाकटीला कडेवर घेतेस, मागच्या दाराने निघतेस, पिंजाऱ्यांच्या अंगणातून, पडक्या कुंपणावरून. मी मागे धावते आहे. कापूस पिंजायची कमान चालवणारी एक बाई हसून म्हणते, "खाला, उभ्या जन्मात कोनाच्या मांगं नाही धावली, अन् आता या पायानं?" तू न थांबता म्हणतेस, "मांगं नाही धावून राहिली. पुढं धावून राहिली."

विहिरीच्या कोपऱ्यावर आपण आधी पोचतो. आई समोरून येते. धाकटी पाच दिवसांची साठलेली हाक मारते. आई दचकून जागीच थांबते, मग तिच्या लक्षात येतं की हाक समोरून आली आहे. ती जवळ येते, धाकटी तिच्या तोंडावरून हात फिरवते, आणि आई सांगते, "दिवे लागले का येईन." मला वाटलं, आता आई पुढे जाणार आणि पुन्हा तेच. पण तू आईला म्हणालीस, "तू उभी राय. आमी जातो." आणि पाठ फिरवून चालू लागलीस. धाकटी तुझ्या खांद्यावरून आईकडे बघत होती, आई जागची हलली नाही. त्या दिवशी जाणारी धाकटी होती आणि मागे राहणारी आई.

घरी येऊन धाकटीने अर्धी भाकरी खाल्ली. अकरा दिवस तू त्या पायाने रोज गेलीस. बाराव्या दिवशी धाकटी शेळीजवळून उठायलाच तयार नव्हती. आईची जागा टिकली.

ती धाकटी आता आई आहे. तिला यातलं काही आठवत नाही. आज सकाळी ती आपला मुलगा माझ्याकडे ठेवून निघाली, आणि त्याने मागून हाक मारली. माझा हात आपोआप उठला, खाला. त्याच्या तोंडापासून चार बोटांवर थांबला. मग मी त्याला कडेवर घेऊन गल्लीतून धावले. शेजारच्या बायका पाहत होत्या.

हे पत्र कुठे धाडायचं नाही. फक्त एक सांगायचं आहे. त्या अकरा दिवसांत तू मला एकदा म्हणाली होतीस, "तू बी मार हाक, समोरून चालते." माझा आवाज निघाला नाही. तीन वर्षांनी तुझा जनाजा निघाला तेव्हा मी मागच्या दाराने निघाले, कुंपण ओलांडलं आणि विहिरीच्या कोपऱ्यावर आधी पोचले. तुला घेऊन माणसं समोरून आली. मी बरोबर जागी उभी होते. तेव्हाही हाक मारली नाही.